महामारीचा जमाखर्च : डीफोच्या एका जुन्या पुस्तकाच्या निमित्तानें

कांहीं पुस्तकें अशीं असतात कीं, त्यांचा मान सर्व जण राखतात, पण तीं उघडण्याचा प्रसंग सहसा कोणावर येत नाहीं. डॅनिएल डीफोचें 'ए जर्नल ऑफ दि प्लेग यिअर' हें त्यांपैकींच एक होय. 'रॉबिन्सन क्रूसो'चा कर्ता म्हणून डीफोचें नांव आमच्याकडील शाळकरी मुलांनाहि परिचित आहे. परंतु १६६५ सालच्या लंडनमधील प्लेगावर त्यानें १७२२ सालीं प्रसिद्ध केलेलें हें पुस्तक बहुतेकांच्या लेखीं वाङ्मयेतिहासांतील एका ओळीपुरतेंच उरलें होतें. आम्हीं स्वतः तें विद्यार्थिदशेंत परीक्षेपुरतें चाळलें आणि पुढें सुमारें तीस वर्षें त्याचें पान उलटलें नाहीं. २०२० सालच्या उन्हाळ्यांत, कोरोनाच्या साथीमुळें दार लावून घरीं बसण्याची पाळी आली, तेव्हां तें पुन्हां हातीं घेतलें. त्या वाचनांतून जे विचार सुचले ते आज, साथ ओसरून कांहीं वर्षें लोटल्यावर, वाचकांपुढें ठेवीत आहों. भीति ताजी असतांना मनुष्य जो विचार करतो तो बहुधा स्वतःपुरता असतो. भीति गेल्यावरचा विचार दुसऱ्यांपर्यंत पोंचूं शकतो, पण नेमका तोच करावयाचा राहून जातो.

प्रथम पुस्तकाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. हा इतिहास नव्हे आणि निव्वळ कादंबरीहि नव्हे. १६६५ सालीं डीफो जेमतेम पांच वर्षांचा होता. तेव्हां पुस्तकांतील 'मी' तो नव्हे, हें उघड आहे. हा 'मी' म्हणजे लंडनच्या ऑल्डगेट भागांत खोगिरांचा व्यापार करणारा, अविवाहित, मध्यम स्थितींतला एक गृहस्थ असून पुस्तकाच्या शेवटीं 'एच्. एफ्.' या दोन अक्षरांपलीकडे तो आपली ओळख देत नाहीं. डीफोचा हेन्री फो नांवाचा चुलता लंडनमध्यें खोगिरांचाच धंदा करीत असे. त्याच्या आठवणींचा उपयोग पुतण्यानें केला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. शहरांत जाहीर झालेले हुकूम, दर आठवड्यास छापल्या जाणाऱ्या मृतांच्या याद्या आणि लोकांच्या तोंडच्या गोष्टी यांची सांगड घालून डीफोनें हा वृत्तांत रचला आहे.

साठ वर्षांपूर्वींचा प्लेग त्याला १७२२ मध्यें कां आठवला? कारण १७२० सालीं फ्रान्समधील मार्सेय बंदरांत प्लेग शिरला होता. 'ग्रां सेंतांत्वान' नांवाचें जहाज पूर्वेकडून किंमती कापड भरून आलें. प्रवासांतच त्यावरील कांहीं माणसें दगावलीं होतीं. तथापि त्या मालांत शहरांतील वजनदार मंडळींचा पैसा गुंतलेला असल्यामुळें क्वारंटाइनचे नियम सैल करण्यांत आले. परिणामीं सुमारें १ लाख वस्तीच्या त्या शहरांतील निम्म्याच्या आसपास माणसें दोन वर्षांत मृत्युमुखीं पडलीं. इंग्लंडांत घबराट उडाली, पार्लमेंटनें १७२१ सालीं क्वारंटाइनचा कडक कायदा केला, आणि त्यांतील अतिकठोर कलमांवर इतका गदारोळ झाला कीं तीं पुढल्याच वर्षीं रद्द करावीं लागलीं. या वादाच्या धुमाळींत डीफोचें पुस्तक बाहेर पडलें. तेव्हां साथ आली असतां सरकारनें कोणावर किती सक्ति करावी, आणि त्या सक्तीची किंमत कोणीं द्यावी, हा या पुस्तकाचा केवळ एक विषय नसून तोच त्याचा जन्महेतु होय. मार्सेयचें उदाहरण आणखी एका कारणासाठीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. सक्ति ही स्वभावतःच अन्यायाची, असें म्हणून सुटका करून घेतां येत नाहीं. तेथें अनर्थ झाला तो सक्तीनें नव्हे, तर श्रीमंतांच्या मालाला दाखविलेल्या सवलतीनें झाला.

या पुस्तकावर एक आक्षेप नेहमीं घेण्यांत येतो, तो असा कीं, त्यांत कला नाहीं. प्रकरणें नाहींत, कथानक नाहीं. एकच मुद्दा तीन तीन ठिकाणीं येतो. आणि मध्येंच मृतांच्या आंकड्यांचीं कोष्टकें येऊन रसभंग करतात. आक्षेपांतील वस्तुस्थिति खरी आहे. निष्कर्ष मात्र आम्हांस मान्य नाहीं. डीफो हा जन्मभर व्यापार, दिवाळें आणि देणेंघेणें यांत वावरलेला मनुष्य. महामारीकडेहि तो जमाखर्चाची वही पुढें घेऊन बसलेल्या माणसाच्या नजरेनें पाहतो. पावाचें वजन किती होतें, पहारेकऱ्यांचें काम कोणीं पत्करलें, मालकानें दुकान बंद करून गांव सोडल्यावर मागें राहिलेल्या नोकरानें काय खाल्लें, असे प्रश्न त्याला पडतात. शोकरसानें भरलेल्या लेखकांना ते सुचत नाहींत. बोकाचिओच्या 'डेकॅमेरॉन'मधील १३४८ सालच्या फ्लॉरेन्सचें वर्णन अधिक परिणामकारक आहे, आणि गरिबांचे हाल तोहि विसरलेला नाहीं. परंतु तें वर्णन संपतें न संपतें तोंच सात तरुणी आणि तीन तरुण नोकरचाकरांसह शहराबाहेर जाऊन बसतात व गोष्टी सांगूं लागतात. अलीकडच्या काळांत आल्बेर काम्यूनें आपल्या 'प्लेग' या १९४७ सालच्या कादंबरीच्या आरंभीं डीफोचेंच एक वाक्य घेतलें आहे. पण त्याच्या कादंबरींत प्लेग हळूहळू प्रतीकाचें रूप धारण करतो. प्रतीकाला भूक लागत नाहीं. डीफोच्या प्लेगांत माणसांना भूक लागते, आणि म्हणूनच त्याचीं कोष्टकें आम्हांस रूक्ष वाटत नाहींत.

पुस्तकाच्या मध्यभागीं जो प्रश्न आहे तो घरें बंद करण्याचा. लंडनच्या लॉर्ड मेयरचे १६६५ च्या जुलैपासून अंमलांत आलेले हुकूम डीफोनें विस्तारानें दिले आहेत. ज्या घरांत एका माणसास प्लेग झाला तें घर महिनाभर बंद करावें. दारावर फूटभर लांबीचा तांबडा क्रूस काढून जवळ देवाची करुणा भाकणारें वाक्य लिहावें. दिवसा एक व रात्रीं एक असे पहारेकरी दाराशीं ठेवावे. असे ते हुकूम होते. घर बंद झालें म्हणजे रोगी आणि निरोगी, मालक आणि मोलकरीण, बाप आणि तान्हें मूल, सगळीं एकत्र कोंडलीं जात. बाहेरच्या हजारांस वांचविण्यासाठीं आंतल्या पांचांना त्या एकाच्या हवालीं करावयाचें, असा हा न्याय होता.

या न्यायाविषयीं एच्. एफ्.चें मत काय? येथें अनेक वाचक गोंधळतात, कारण त्याचें मत ठरत नाहीं. आरंभीं तो म्हणतो कीं, खासगी दुःख झालें तरी सार्वजनिक हित झालें, तेव्हां उपाय योग्यच होता. मग बंद खिडक्यांआडून येणाऱ्या किंकाळ्या त्याच्या कानांवर पडतात. मग तो लोक कसे निसटले याच्या हकीकती सांगूं लागतो : कोणी पहारेकऱ्यास लांच दिली, कोणी त्याला खोट्या कामावर धाडून मागच्या दारानें पसार झाले, एका घरच्यांनीं तर पहारेकऱ्यास बंदुकीच्या दारूनें भाजून काढलें. हे पळालेले लोक जातील तेथें रोग घेऊन गेले. म्हणजे उपायानें अपायच वाढविला. पुढें त्याच्या ध्यानांत एक मार्मिक गोष्ट येते कीं, वरवर धडधाकट दिसणारीं माणसेंच नकळत रोग पसरवीत असतात, आणि घराला कुलूप पडेपर्यंत जें व्हावयाचें तें होऊन गेलेलें असतें. शेवटीं तो असा कौल देतो कीं, रोग्यांसाठीं निराळीं इस्पितळें पुरेशीं असतीं, तर इतके लोक मेले नसते. एवढ्या मोठ्या शहरांत अशीं इस्पितळें होतीं अवघीं दोन. आणि तेथें प्रवेश मिळण्यास पैसे तरी भरावे लागत किंवा जामीन तरी द्यावा लागे.

या डळमळीतपणास कोणी दोष म्हणोत. आम्हांस तो पुस्तकाचा प्रामाणिकपणा वाटतो. हुकूम काढणाऱ्यास हुकूम एकदांच काढावा लागतो. भोगणाऱ्यास तो रोज भोगावा लागतो. एच्. एफ्. हा दोन्हीं बाजूंच्या मध्यें उभा असलेला मनुष्य आहे. अधिकाऱ्यांविषयीं तो कृतघ्न नाहीं. राजदरबार शहर सोडून गेला असतां लॉर्ड मेयर व त्याचे सहकारी जागेवर राहिले, बाजार भरत राहिले, भट्ट्या चालू राहून पावाचा भाव फारसा चढला नाहीं, याचें श्रेय तो त्यांना मोकळ्या मनानें देतो. अज्ञानाच्या अंधारांत ज्यांना निर्णय करावे लागले त्यांच्याविषयीं इतकी न्यायबुद्धि मागाहून शहाणपण सांगणाऱ्यांत क्वचितच आढळते. परंतु तोच मनुष्य त्याच निर्णयांची दुसरी बाजूहि वहींत लिहून ठेवतो, आणि तेथें पुस्तकाचें खरें मोल आहे.

ही दुसरी बाजू म्हणजे दोन पोत्यांची हकीकत. साथ भडकत आहे असें पाहून एच्. एफ्. पिठाचीं दोन पोतीं घरीं आणून टाकतो. घरांत भट्टी असल्यामुळें कित्येक आठवडे पाव घरींच भाजला जातो. तो बिअर घरींच तयार करतो, लोणी आणि चीज भरून ठेवतो, आणि एक म्हातारी कारभारीण, एक मोलकरीण व दोन उमेदवार यांच्यासह दार लावून घेतो. मग तोच सांगतो कीं, गरिबांना असा सांठा करणें शक्य नव्हतें. त्यांना रोजचें रोज बाजारांत जावें लागे, आणि बाजारांतून ते मरण घेऊन येत. श्रीमंतांच्या घरींसुद्धां रोग शिरला तो बहुधा जिन्नस आणावयास धाडलेल्या नोकरांबरोबर. प्रेतें उचलणें, खड्डे खणणें, रोग्यांची शुश्रूषा करणें, बंद घरांवर पहारा करणें हीं सर्व कामें गरिबांनींच केलीं. तीं त्यांनीं धैर्यामुळें केलीं असें म्हणण्यास डीफो तयार नाहीं. दुसरा धंदा उरला नव्हता म्हणून केलीं, असें तो स्पष्ट लिहितो. 'घरीं रहा' हा हुकूम अक्षरशः सर्वांना सारखाच होता. ज्याच्या घरीं दोन पोतीं होतीं त्याला तो आधार झाला, ज्याच्या घरीं नव्हतीं त्याला तो उपासमारीचा हुकूम झाला. कायद्याच्या समतेंत परिस्थितीची विषमता कशी लपून बसते, याचें इतकें सोपें उदाहरण आम्हांस नीतिशास्त्राच्या कोणत्याहि पुस्तकांत आढळलेलें नाहीं.

पुस्तकांतील दोन प्रसंग येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. एक थेम्सकांठच्या नावाड्याचा. नदींत नांगरून राहिलेल्या जहाजांवर पैसेवाल्या कुटुंबांनीं आसरा घेतला आहे, आणि हा नावाडी त्यांना जिन्नस नेऊन पोंचवितो. त्याचें एक मूल गेलें आहे. बायको आणि दुसरें मूल घरांत आजारी आहे. तो घरीं जात नाहीं, होडींतच झोंपतो. कमाई एका मोठ्या दगडावर ठेवतो, लांब उभा राहून बायकोला हांक मारतो, ती येऊन उचलून नेते. एच्. एफ्.चे डोळे भरून येतात आणि तो आपल्या खिशांतून आणखी चार शिलिंग त्याला देतो. दुसरा प्रसंग तीन कारागिरांचा : एक बिस्किटें भाजणारा, एक शिडें शिवणारा, एक सुतार. शहरांत काम नाहीं व भाकर नाहीं म्हणून ते पायीं निघतात, तों वाटेवरचीं गांवें त्यांना अडवितात. त्या वेळच्या कायद्याप्रमाणें गरिबाला मदत मिळावयाची ती त्याच्या स्वतःच्या पॅरिशमध्यें. दुसरीकडे तो उपरा. यावर त्यांच्यांतला एक जण आपल्या सोबत्याला सांगतो कीं, सारें राज्यच जर माझी जन्मभूमि, तर पेटलेल्या घरांतून बाहेर पडण्याची मला मनाई कशी? अखेर काठ्यांच्या खोट्या बंदुका करून, आपण मोठी टोळी आहोंत असा देखावा उभा करून, ते एका गांवाकडून अन्न मिळवितात. विनोदी वाटणारा हा भाग वस्तुतः फार कडू आहे. दयेच्या विनंतीनें जें मिळालें नाहीं तें बंदुकीच्या नुसत्या सोंगानें मिळालें.

येथवर आम्हीं डीफोची स्तुतीच केली. आतां जेथें त्याची वही चुकते तें स्थळ दाखविणें हें टीकाकाराचें कर्तव्य आहे.

ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साथीनें उच्छाद मांडला, आणि तींत तीस-चाळीस हजार गरीब मेले असतील असा एच्. एफ्.चा अंदाज आहे. यावर तो म्हणतो कीं, गोष्ट दुःखाची खरी, पण एका परीनें ती सुटकाच झाली; कारण हे लोक जगते तर त्यांना पोसण्याचा बोजा शहराला झेंपला नसता, आणि भुकेनें ते लूटमार करते. हें वाक्य प्रथम वाचलें तेव्हां आम्हीं पुस्तक मिटून ठेवलें. ज्यानें नावाड्यासाठीं अश्रु ढाळले तोच हा मनुष्य आहे काय? दुर्दैवानें तोच आहे. सबंध पुस्तकांत त्यानें गरिबांचे कष्ट तपशिलवार नोंदले. त्यांनींच शहर चालतें ठेवलें, असें स्वतःच्या हातानें लिहिलें. आणि वर्षाखेरीं बेरीज करतांना त्यांना खर्चाच्या बाजूस मांडलें. नावाड्याला दिलेले चार शिलिंग, दूर गेलेल्या धनिकांनीं पाठविलेल्या रकमा, हें सर्व तो 'दानधर्म' या सदराखालीं लिहितो व त्याबद्दल ईश्वराचे आभार मानतो. आमच्या मतें त्याची मुख्य चूक सदराची आहे. तें दान नव्हतें. तें देणें होतें. ज्या माणसाला इतरांच्या जिवासाठीं कोंडून घातलें, ज्याची रोजी इतरांच्या जिवासाठीं बुडविली, तो गुन्हेगार नव्हे आणि भिकारीहि नव्हे. तो समाजाचा धनको आहे आणि समाज त्याचा ऋणको. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतें. देणें मर्जीवर नसतें. साथीच्या काळांतील साऱ्या नीतिविचाराचें सार आम्हांस या एका भेदांत दिसतें.

एच्. एफ्.च्या स्वतःच्या चरित्रांतहि हीच गोम आहे. त्याची नेमणूक घरें तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागीं होते. घरें बंद करण्याचें हें काम त्याच्या मनाला पटत नाहीं. मुदत दोन महिन्यांची असतां तीन आठवड्यांतच तो दुसऱ्या एका माणसाला थोडे पैसे देऊन आपल्या जागीं उभा करतो आणि मोकळा होतो. सद्सद्विवेकबुद्धीला टोंचणी लागली ती खरी. पण ती टोंचणी पैशानें दुसऱ्याच्या अंगावर ढकलतां आली, हेंहि खरें. ज्याच्याजवळ असे पैसे नव्हते त्याची सद्सद्विवेकबुद्धि काय म्हणत होती, हें पुस्तकांत कोठेंच येत नाहीं.

आमच्या प्रांताला हा विषय परका नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत आणि पाठोपाठ पुण्यांत प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. आणि त्याच्या अंमलांत गोऱ्या सोजिरांनीं पुण्यांत घरांत शिरून काय केलें व त्यांतून २२ जून १८९७ चा प्रसंग कसा उद्भवला, तें वाचकांस ठाऊक आहे. त्याच वर्षीं, १० मार्च रोजीं, प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांना लागण होऊन त्या निवर्तल्या. आपल्या वांट्याचें काम पैसे देऊन दुसऱ्यावर न ढकलणारीं माणसेंहि असतात, याची ही साक्ष होय. पण सोजिरांच्या वर्तनावर जितकें लिहिलें गेलें तितकें कायद्याच्या शब्दांवर लिहिलें गेलेलें नाहीं. अवघ्या चार कलमांचा तो कायदा. सरकारास वाटेल ते तात्पुरते नियम करण्याचा अधिकार त्यांत आहे. सद्भावानें केलेल्या कृत्याबद्दल कोणावरहि दावा चालणार नाहीं, असें अभय आहे. आणि नुकसानभरपाई? तो शब्दहि आहे. पण खर्चाच्या वांटणीच्या ओघांत, कंसामध्यें, आणि 'असल्यास' अशी पुस्ती जोडून. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही नेहमीं सांगतों कीं, लेखकाचें मन पाहावयाचें असेल तर तो कंसांत काय टाकतो तें पहा. या कायद्यानें सक्ति मजकुरांत लिहिली आणि ऋण कंसांत लिहिलें.

हाच कायदा सव्वाशें वर्षांनीं, २०२० च्या मार्चमध्यें, राज्यांनीं पुन्हां वापरांत आणला. २४ मार्चच्या रात्रीं २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्याखालीं देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी पुकारण्यांत आली. घोषणा आणि अंमल यांत अवघे चार तासांचें अंतर होतें. ती करावी कीं न करावी, या वादांत आम्ही शिरत नाहीं. नव्या रोगापुढें कोणालाच पुरतें ज्ञान नव्हतें, आणि उशीर केल्यानेंहि माणसें मरतात, हें मार्सेयनें दाखविलेलेंच आहे. प्रश्न एवढाच कीं, पिठाचीं दोन पोतीं कोणाकडे होतीं? धान्य वांटण्याची योजना सरकारनें केली, हें नमूद केलें पाहिजे. परंतु ज्या मजुराचें रेशनकार्ड त्याच्या गांवीं आणि तो स्वतः दूरच्या शहरांत, त्याला डीफोच्या त्या पॅरिशच्या कायद्याचीच गत आली. लाखों लोक पायीं निघाले. ८ मे २०२० रोजीं पहाटे, तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांत करमाडजवळ, जालन्याहून मध्य प्रदेशांतील आपल्या गांवांकडे निघालेले आणि थकून रेल्वेच्या रुळांवर झोंपलेले सोळा मजूर मालगाडीखालीं सांपडून मरण पावले. त्यांच्या शिदोरीच्या पोळ्या रुळांमध्यें विखुरल्या होत्या. ती छायाचित्रें वर्तमानपत्रांत आलीं, आणि सर्वांस हळहळ वाटली. हळहळ म्हणजेच एच्. एफ्.चे चार शिलिंग.

हें लिहितांना आम्ही न्यायासनावर बसलों आहों, असा वाचकांचा समज होऊं नये, म्हणून एक घरगुती हकीकत सांगणें आम्हांस प्राप्त आहे. त्या उन्हाळ्यांत आम्ही डीफोचें हेंच पुस्तक घरीं बसून, संगणकापुढें, विद्यार्थ्यांना शिकवीत होतों. वेतन दरमहा बँकेंत जमा होत होतें. आम्ही राहतों त्या इमारतीच्या सभासदांनीं ठराव केला कीं, घरकामास येणाऱ्या बायकांना फाटकाच्या आंत घेऊं नये. आम्हींहि त्याला संमति दिली. धुण्याभांड्यास येणाऱ्या मावशींना एप्रिलचा पगार आम्हीं पोंचविला, मेचाहि पोंचविला. जूनमध्यें त्यांचा फोन आला, तेव्हां 'काम सुरू झालें कीं पाहूं' असें उत्तर आमच्या तोंडून गेलें. त्या म्हणाल्या, "बरं सर. ताईंची तब्येत बरी आहे ना?" एवढेंच बोलून त्यांनीं फोन ठेवला. त्याच आठवड्यांत आम्हीं वर्गांत डीफोच्या 'सुटका' या विचारावर कठोर टीका केली होती, आणि ती आमची आम्हांलाच फार मार्मिक वाटली होती.

मागाहून आम्हीं ते पैसे दिले. पण देतांना मनांत भाव होता तो उपकाराचा. तो चुकीचा होता, हें कळण्यास पुष्कळ दिवस लागले. मावशींना फाटकाबाहेर ठेवलें तें त्यांच्या हितासाठीं नव्हे, आमच्या हितासाठीं. त्यांच्या रोजीवर पाणी सोडून आम्हीं आपला जीव सुरक्षित करून घेतला. तेव्हां तो पगार म्हणजे न केलेल्या कामाची बक्षिशी नव्हती. आम्हीं विकत घेतलेल्या सुरक्षिततेची ती किंमत होती, आणि ती आम्हीं उधारीवर घेतली होती. डीफोची सदराची चूक तीनशें वर्षांनीं आम्हीं आमच्याच वहींत केली होती.

सुशिक्षित मध्यम वर्गाचें साथीच्या काळांतील स्थान हें असें चमत्कारिक आहे. हुकूम आम्ही काढीत नाहीं; पण हुकूम काढणारे आमच्याच घरांतून गेलेले असतात, आमच्याच घरासारखें घर डोळ्यांपुढें ठेवून ते हुकूम लिहितात. त्या घराला दार असतें, दाराआड भरलेला डबा असतो, महिनाअखेरीस वेतन असतें. ज्यांच्या घराला यांतलें कांहींच नाहीं त्यांचें चित्र हुकूम लिहितांना समोर येत नाहीं, आणि मागाहून आलें म्हणजे आम्ही वर्गणी काढतों. वर्गणी वाईट नव्हे. पण शिध्याची तरतूद बंदीच्या हुकुमांतच, त्याच कलमांत, कंसाबाहेर लिहिलेली असावी, एवढें म्हणण्याचा अधिकार आणि भार आमच्यावर आहे. कारण तें वाचतां येणें, लिहितां येणें आणि मागतां येणें हीं तिन्ही साधनें आमच्यापाशीं आहेत. पुढची साथ केव्हां येईल तें कोणी सांगूं शकत नाहीं. ती येणार नाहीं, असेंहि कोणी सांगूं शकत नाहीं.

डीफोचें पुस्तक परिपूर्ण नाहीं, हें आम्हीं लपविलेलें नाहीं. त्याची रचना विस्कळीत आहे, पुनरुक्ति पुष्कळ आहे, आणि एका ठिकाणीं त्याचें काळीज व्यापाऱ्याच्या त्राजूसारखें कोरडें झालें आहे. परंतु त्याला दोष देण्यास लागणारा सारा पुरावा त्यानेंच नोंदून ठेवला आहे. मृतांच्या अधिकृत याद्या साडेअडुसष्ट हजारांवर थांबतात; एच्. एफ्.ला तो आंकडा पटत नाहीं, खरी संख्या लाखाची असावी असें तो म्हणतो, कारण गरिबांची मोजदाद नीट झालीच नाहीं. ज्या हातानें सदर चुकविलें त्याच हातानें नोंद मात्र वगळली नाहीं. अशी वही मागें ठेवणारा लेखक पुढच्या पिढीला हिशेब दुरुस्त करण्याची सोय करून देतो. वाचकांनीं हें पुस्तक मिळवून अवश्य वाचावें. आणि वाचून झाल्यावर, २०२० सालची आपल्या घरची जमाखर्चाची वही शिल्लक असेल तर, तीहि एकवार उघडून पाहावी.